चिठ्ठीतली बाजू

(कोलंबियातलं, सिनू नदीकाठचं एक गाव. दुपार. म्हाताऱ्या तोमासाच्या घराचं मागचं अंगण.)

तोमासा: आत ये म्हटलं ना. दारात उभं राहून बोलायला तू काय विजेचं बिल घेऊन आलीस?

एदिल्मा: मावशी, मी कालच येणार होते.

तोमासा: काल तू टाळ्या घेत होतीस. बस. ते युकाचे कंद सोलायला घे. रिकाम्या हातांनी माणूस फार बोलतं.

एदिल्मा: बाजू मी निवडली नव्हती गं. दर गुरुवारच्या वादसभेत टोपीतून चिठ्ठी काढतात, तुला ठाऊकच आहे. मेलेल्या माणसासाठी नऊ रात्री प्रार्थना करायची रीत ठेवावी, ही चिठ्ठी मोंतेरियाहून आलेल्या त्या वकिलाला निघाली. सोडावी, ही मला.

तोमासा: चिठ्ठीत माझं नाव होतं?

एदिल्मा: नव्हतं.

तोमासा: मग?

एदिल्मा: मी हरत होते. तो इतका सुंदर बोलला की बायका पंखे हलवायच्या थांबल्या. माझी पाळी आली तेव्हा मागे कुणीतरी चक्क जांभई दिली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, आपल्या गावात ही प्रार्थना सांगतं कोण? तोमासाबाई. माझ्या आईच्या नऊ रात्रींत एकदा सांगता सांगता त्यांना डुलकी लागली, आणि दचकून जाग्या होऊन म्हणाल्या, हे प्रभो, एदिल्माच्या आत्म्याला चिरशांती दे.

तोमासा: आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं.

एदिल्मा: तेही सांगितलं मी. की मी समोर कॉफीचे कप घेऊन उभी, आणि अख्खं अंगण मला जिवंतपणी स्वर्गात पाठवतंय.

तोमासा: छान रंगवलंस. मीसुद्धा हसले.

एदिल्मा: तू हसली नाहीस. मी बघत होते.

तोमासा: बघत होतीस? मग थांबली का नाहीस?

एदिल्मा: सभा हसली ना, मावशी. एकदा हसली की पुन्हा हसवावीशी वाटते.

तोमासा: साल जाड काढतेयस. अर्धी युका कचऱ्यात जाईल.

एदिल्मा: आणि शेवटी तू काय केलंस ते! लोक आपापल्या खुर्च्या उचलून, ज्याचं पटलं त्याच्याकडे जाऊन बसायला लागले. तू तुझी डोलखुर्ची फरफटत माझ्याकडे आलीस. काय टाळ्या पडल्या! मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तोमासा: पटलं म्हणून नव्हते आले. बाप्तिस्म्याला तुला मी हातांत धरलं. तुझी आई नाही. तुझ्याकडे घरचं कुणीतरी बसायला नको?

लिबार्दो: तोमासाबाई, आहात का? अरे वा, शाळेच्या बाईपण इथेच! काय बोललात हो काल. माझी बहीण अजून पोट धरून हसतेय.

तोमासा: ये लिबार्दो. गुळाचं पाणी घेतोस?

लिबार्दो: नको, निरोप देऊन पळतो. आज आमच्या आईच्या नऊ रात्रींतली शेवटची. काल सभेनंतर तुम्ही आलात, पण बहिणीनं तोवर मोबाइलवर प्रार्थना लावली होती, मोठा स्पीकर जोडून. तुम्ही फाटकातूनच परत गेलात, पाहिलं मी.

एदिल्मा: मावशी, हे तू मला बोलली नाहीस.

लिबार्दो: खरं सांगू, चांगली झाली. कुठे अडखळणं नाही, लवकर आटपली. बहीण म्हणते आजही तसंच करू. तुम्हाला या वयात जागरण कशाला?

तोमासा: बरं. अंगणात खुर्च्या जास्त मांड. तुझ्या आईला, मेर्सेदेसला, गर्दी आवडायची.

एदिल्मा: थांब, लिबार्दो. काल मी अर्धंच सांगितलं. आई आजारी होती तेव्हा मी शहरात परीक्षा देत होते. तिला कुशीवर वळवायची ती हीच, अंग पुसायची ती हीच. आई गेल्यावरही ही आडवी झाली नाही, तशीच प्रार्थनेला बसली. म्हणून तिला डुलकी लागली. हे सगळं मला माहीत होतं.

लिबार्दो: मग सांगितलं का नाहीत?

एदिल्मा: सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं.

लिबार्दो: ...आता बहिणीला काय सांगू मी? तिनं सगळ्या गल्लीला सांगितलंय, मोबाइलवर आहे म्हणून.

तोमासा: काही सांगू नकोस, बाळा. जा. कामं पडली असतील.

एदिल्मा: गेला. मान खाली घालून गेला. मावशी, पुढच्या गुरुवारी मी सभेत उभी राहते आणि खरं काय ते सांगते.

तोमासा: म्हणजे पुन्हा टाळ्या. म्हणतील, काय प्रामाणिक मुलगी आहे! नको.

एदिल्मा: मग काय करू मी?

तोमासा: संध्याकाळी मेर्सेदेसच्या घरी चल माझ्याबरोबर.

एदिल्मा: त्यांनी तर तुला नको म्हटलंय.

तोमासा: प्रार्थना सांगायला नको म्हटलंय. मैत्रिणीच्या शेवटच्या रात्री मागे भिंतीशी बसायला कुणाची परवानगी लागते? मोबाइल म्हणेल, मी त्याच्या मागून म्हणेन.

एदिल्मा: लोक बघतील. कुणीतरी हसेलच.

तोमासा: हसेल. तुझ्याकडेही बघतील. म्हणूनच चल म्हणतेय.

एदिल्मा: येते. पण एक विचारू? त्या रात्री तुझ्या तोंडात माझं नाव कसं आलं?

तोमासा: तुझी आई सुटली होती गं. तिच्यासाठी मागायला फारसं उरलं नव्हतं. डोळा लागला तेव्हा मी तुझ्यासाठीच मागत होते.

एदिल्मा: मावशी...

तोमासा: ठेव ती सुरी. रड, काय रडायचं ते इथेच रडून घे. तिथे आज मेर्सेदेसची रात्र आहे.