भोंग्याच्या मशीनीचे दोन व्हॉल्व्ह

कामून छळून राहिलेत म्हाताऱ्याला? पोळा होऊन पंधरा दिस झाले, दहा जणांना सांगून झालं, आन तुमचं आपलं, 'सटवाजीमामा, सांगा की!' फुकटची करमणूक हाय का मी? ...बरं, बसा. पण मधी हसायचं न्हाई!

तुम्हाला सांगतो, माझी भोंग्याची मशीन चाळीस वर्षांची. पोळ्याला मारोतीच्या देवळापुढं बैल तोरणाखालून जाऊन राहिले की कोणाचा बैल, नाव काय, हे पुकारायचा मान माझा. आन औंदा महिनाभर आधी मशीन गप! आमचा मेव्हणा अण्णाराव, बायकोचा सख्खा भाऊ, त्यात गावचा पोलीस पाटील, चार माणसांत म्हणला, "भंगारात घाला दाजी. औंदा भागवतचा डीजे लावू, पुकारंल बी तोच." म्हणलं, मशीन मेली न्हाई, व्हॉल्व्ह मेलाय! व्हॉल्व्ह म्हंजे काचेचा, बल्बावानी, तापून लाल झाला की मगच आवाज देतो. तसले दोन लागतात.

मेलेला व्हॉल्व्ह टोपीत गुंडाळला आन गेलो लातूरला. गल्लोगल्ली डॉक्टर करायचे क्लास, आन माझ्या मशीनीची नाडी बघणारा एक न्हाई! दुकानातलं पोरगं म्हणतं, "आजोबा, नवीन घ्या, ब्लूटूथवालं." अरे, मी काय मागून राहिलो, तू काय दाखवून राहिला! मशीन मेली न्हाई रे बाबा, व्हॉल्व्ह मेलाय!

मग नांदेड. तिथं एक शहाणा भेटला, भलताच व्हॉल्व्ह काढून म्हणतो, "ह्यालाबी आठच पाय हायेत चाचा, बसतंय की!" म्हणलं, आठ पाय तर विंचवालाबी हायेत, घालू का मशीनीत? मी दुसरी पास, ती बी मास्तरच्या मेहरबानीनं, पण एवढं मला कळतं!

शेवटाला देगलूर. वीरण्णा म्हणून जुना रेडिओवाला, आता मिक्सर नीट करून पोट भरतो. "बर्री, कुंदर्री," म्हणजे या, बसा, म्हणला. पयला माणूस ज्यानं बसा म्हणलं! व्हॉल्व्ह उजेडात धरला, बघितला, माळ्यावरून खोकं काढलं. आत दोन, नवेकोरे. पण नंबर? माझ्यावर ईएल चौतीस, त्याच्यावर सिक्स सीए सेव्हन! मी भडकलो, "हे येगळंच हाय!" तो शांत. "घरात तुम्हाला काय म्हणतात?"

"अहो म्हणतात."

"आन गावात?"

"सटवाजी."

"मग माणूस दोन झाले का? विलायतेत हे नाव, अमेरिकेत ते. माल तोच. पण दोन्ही संगंच बदला. एक तरणा बैल आन एक थकलेला जुंपला तर औत वाकडंच जाणार."

बघा! एवढ्या फिरतीत माझ्या भाषेत बोलला तो एकटाच.

पोळ्याचा दिवस. दोन्ही नवे व्हॉल्व्ह बसवून मशीन देवळापुढं मांडली. बैल सजून उभे, पुढं अण्णारावचा मानाचा बैल, शिंगाला बेगड, अंगावर झूल. आन मी वायर जोडूस्तोवर ह्या अण्णारावला कुठली घाई? स्वतःच बटन दाबलं, माईक धरला आन, "हॅलो, हॅलो!" आवाज कुठला! अहो, व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट तर द्याल? पण न्हाई! माईक तसाच हातात, भागवतकडं वळून म्हणतो, "मशीन मेली. तू डीजे लाव. आन बैलाच्या जवळ नको जाऊ, भोकरच्या पाहुण्याचा हाय, मला वळखत न्हाई, शिंग मारंल. आपले बैल तर म्या ट्रॅक्टर घेतला तवाच इकले..."

व्हॉल्व्ह तापले ना मधीच! 'मशीन मेली' आन त्याच्या पुढलं थोडं गिळलं, आन "पाहुण्याचा हाय"पासून पुढलं सगळं भोंग्यातून साऱ्या शिवारात! काय खणखणीत आवाज, व्वा! बाया देवळाच्या पायरीवर तोंडाला पदर लावून बसल्या. तेवढ्यात मानाच्या बैलानं खरंच शिंग उगारलं, आन पोलीस पाटील माईकसकट तोरणाखालून पुढं! मानकरी पुढं, बैल मागं! मी माईक हिसकला आन पुकारलं, "भोकरच्या पाहुण्यांचा बैल, येऊ द्या!" का न्हाई पुकारायचं? मान माझा होता!

तवापासून घरी बायको, विठाबाई, बोलत न्हाई. भाकर आपटती, आन पोराच्या हाती निरोप, "माझ्या भावाची माफी मागा म्हणावं!" मी? बटन त्यानं दाबलं, तोंड त्याचं, बैल पाहुण्याचा. माझे नुसते व्हॉल्व्ह! भंगार म्हणला त्याचं काय? रोज येतो, माझ्याच ओट्यावर बसून च्या पितो, बहिणीच्या हातची भजी खातो, आन मी मुकाट कप पुढं सरकवतो, कारण भाकर अजून हितंच खायचीय मला. पण लिहून ठेवा, माफी मागायची राहिलीय ती एकाच माणसानं... अण्णारावनं!