समोरच्या दातावरचं लोखंड

बुरुलचा : हा नाही हो डॉक्टर, मागची. दाढ दुखते माझी. समोरच्याला हात लावू नका.

तालाय : आपा, मघाशी दाढेवर ठोकलं तेव्हा तुम्ही हूं की चूं केलं नाही. समोरच्याला नुसता आरसा लागला तर खुर्चीतून उडालात.

सायरा : ही तुम्हाला चक्क फसवतेय, डॉक्टर.

बुरुलचा : सायरा, तू तुझी कवळी सांभाळ.

सायरा : सख्खी थोरली बहीण, माझी एजे आहे म्हणून काय गप्प बसू? समोरच्या दाताला टेकवून ही तेमिर कोमुझ वाजवते. लोखंड दाताशी धरायचं आणि मधली पट्टी बोटानं छेडायची. दात गेला तर टेकवणार कशाला? म्हणून चांगली दाढ उपटून घ्यायला निघालीय!

तालाय : खरं का, आपा?

बुरुलचा : दाढ काय, कोणाला दिसते? वाटलं, एक काढली की दुखणं लाजून थांबेल.

तालाय : दुखणं कसलं लाजतंय! समोरच्याचं मूळ तडकलंय, खाली पू झालाय. आज काढला नाही तर सूज डोळ्यापर्यंत जाईल.

बुरुलचा : मग काय काय होतं ते तरी सांगा. काही गाळू नका.

तालाय : आधी हिरडीत सुई. ती टोचते, खोटं नाही सांगत. मग ओठ जड होतो, आपला वाटतच नाही. मग मी दात हलवून सैल करतो. दुखत नाही, दाब तेवढा कळतो. आणि कचकच आवाज येतो.

बुरुलचा : कुठे? बाहेर की डोक्यात?

तालाय : डोक्यात. हाडातून जातो ना.

बुरुलचा : कोमुझही तिथेच वाजतं. तुम्हा लोकांना ऐकू येतं ते उरलेलं. जाड आवाज असतो की बारीक?

तालाय : हे मला आजवर कोणी विचारलं नाही, आपा. माझा स्वतःचा कधी काढावा लागला नाही.

सायरा : मला विचारा की, माझे सगळे गेलेत. कडक बर्फावरून घोडा चालतो, तसा.

बुरुलचा : मग बरा आहे की. आणि नंतर?

तालाय : कापसाचा बोळा घट्ट चावून धरायचा. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, ती जपायची. आज गरम चहा नाही, जोरात चुळा नाहीत. आणि आठवडाभर कोमुझ नाही. पुढे शेजारच्या दातांना टेकवून बघा. कसं वाजेल ते मला खरंच माहीत नाही.

बुरुलचा : आठवडाभर?

सायरा : तिथेच तर अडतंय. झटका आल्यापासून भावजींची वाचा गेलीय. संध्याकाळी ही वाजवते आणि ते चमच्यानं पलंगाच्या दांडीवर ठेका धरतात. ही थांबली की चिडून दणादणा ठोकतात. दोघांचं बोलणं आता तेवढंच उरलंय.

बुरुलचा : दाताचं मी त्यांना कळूच दिलं नाही. आठवडाभर गप्प राहिले तर म्हातारा समजेल, मी रुसले. नाहीतर कंटाळले त्याला. सुईला नाही हो, मी त्याला घाबरतेय.

तालाय : कोमुझ आणलंय का?

बुरुलचा : खिशातच असतं.

तालाय : मग सुईच्या आधी वाजवून घ्या. दुखेल मात्र.

बुरुलचा : दुखू दे. सायरा, घरी फोन लाव. सूनबाईला म्हणावं, फोन म्हाताऱ्याच्या कानाशी धर.

[ती वाजवते. मध्येच थांबून गाल दाबते, पुन्हा वाजवते.]

तालाय : मला वाटायचं, ही नुसती टणटण असते. तुम्ही तर काहीतरी सांगत होतात, आपा. काय सांगितलंत?

बुरुलचा : हेच, की काही दिवस मी बोलणार नाही. रुसलेले नाही.

तालाय : आणि हे कळतं त्यांना?

बुरुलचा : कोण जाणे. इतकं अवघड कधी सांगितलं नव्हतं. द्या सुई.

सायरा : एजे, ते ठोकताहेत. चिडून नाही गं, हळू. थांबतच नाहीयेत. फोन ठेवू का?

बुरुलचा : ठेवू नकोस. माझ्या कानाशी धर. डॉक्टर, तुम्ही काढा दात. आता त्यांची पाळी आहे, मी ऐकतेय.