हलक्या हाताचे सर

नाही नाही, खाली नको, खुर्चीवरच बसा — खाली बसलंच पाहिजे असं काही नाही आमच्याकडे. निम्मी मंडळी खुर्चीवरच करतात सगळं. आत्ता दारात भेटल्या असतील त्या गुडघेवाल्या काकू — दोन्ही गुडघे बदललेत, पण त्या छीगोंग नावाच्या चिनी व्यायामात हात असे हळू फिरवतात ना, बघत राहावं. आणि ते चाकाच्या खुर्चीतले पोस्टमास्तर, ते तर डोळे मिटून नुसता श्वास मोजतात. तोही योगच. लेकीनं पत्रकावर छापलंय, ‘सर्वांसाठी सौम्य योग’ — तर सर्वांसाठी म्हणजे सर्वांसाठी. हा आवाज? शेजारी लाँड्री आहे, वाफेची इस्त्री. पहिल्या दिवशी सगळेच दचकतात. तुम्ही जरा जास्तच दचकलात हो!

द्या बघू तो फॉर्म. वय एकसष्ट — वाटत नाही. त्रास — उजवा खांदा. बास, एवढं पुरे, बाकीचं मागाहून वाचतो, मला कागदापेक्षा माणूस लवकर कळतो. हात लावू का? विचारून लावतो मी, नियमच आहे इथला. श्वास घ्या... सोडा. हं — इथे दुखतं. आणि इथे, दोन बोटं खाली — इथून कळ निघते ती थेट करंगळीत जाते. बरोबर की नाही? सांगितलं नव्हतंत ना तुम्ही! सगळ्यांना हेच कोडं पडतं — डॉक्टर चार-चार फोटो काढतात तरी जागा सापडत नाही, आणि सरांचं बोट बरोबर तिथेच कसं पडतं? हलक्या हाताचे सर म्हणतात मला. तोंडावर म्हणतात, मी काय करणार!

कुठे शिकलो? कुठल्या आश्रमात वगैरे नाही बुवा. नोकरीत शिकलो. जेलमध्ये होतो बावीस वर्षं — अहो, तसा नाही, किल्ल्या माझ्याकडे असायच्या. शिपाई. कुणाला सांगत नाही मी हे, पण तुम्ही कसे शांतपणे ऐकून घेताय, बरं वाटतं. तर तिथे माणसाचं शरीर कळतं. कुठला सांधा किती वळतो, कुठे अडतो, अडल्यावर आणखी किती वळतो — म्हणजे दंगा करणारे असतात, आवरावं लागतं त्यांना, तेवढंच. साहेबांचं म्हणणं एकच, अंगावर खूण दिसता कामा नये. लाठी काय, कुणीही उगारतो. मला लाठी लागली नाही कधी. दोन बोटं पुरायची. पैलवान पैलवान गडी, आईला हाका मारायचे, खाली ओलं करायचे — जाऊ दे. सांगायचा मुद्दा काय, की जागा त्याच. दाबलं की जीव जातो आणि सैल केलं की झोप लागते, जागा त्याच! हे माझ्या फार उशिरा डोक्यात आलं. बायको शेवटपर्यंत माझ्याकडून पाठ चोळून घ्यायची नाही. आजारात दुखायची तिची पाठ, रडायची, पण मी हात पुढे केला की म्हणायची, राहू द्या. मी एका शब्दानं कधी काही सांगितलं नव्हतं तिला. कसं कळलं असेल? ती गेली आणि मी हे सुरू केलं. बारा वर्षं झाली. या हातांनी बारा वर्षांत कुणाला दुखवलं नाही, एकदाही नाही — लाज वाटते हो मला त्या दिवसांची, खरंच वाटते.

असो. कशानं झालं हे, ते लिहिलंयत का? हां, हे काय — ‘शिडीवरून पडलो.’ बरं. किती उंच होती शिडी? कारण शिडीवरून पडलेला खांदा असा नसतो. पडल्यावर हाड पुढे सरकतं. तुमचा मागून वर ओढलाय. हात पाठीशी बांधून, दोर वरच्या गजातून... आणि हे वाक्य. ‘शिडीवरून पडलो.’ हेच लिहून घ्यायचो आम्ही, सगळ्यांकडून, साहेबांनी ठरवून दिलेलं. अख्ख्या जेलात शिडी नव्हती एक. एकदा नवा डॉक्टर म्हणाला, बघू तरी ती शिडी — काय हसलो होतो आम्ही.

कशाला आलात तुम्ही? बघायला? की त्या काकूंना सांगायला? माझ्या लेकीला? तिला वाटतं मी तिथे कारकून होतो, रजिस्टर लिहायचो. नातवाला मालीश मी करतो, माझ्याच हाती देते ती त्याला, तुम्हाला कळतंय का — नाही, उठू नका. माफी पाहिजे ना? मागतो. पाय धरतो. पण बसा आधी. दाराकडे जायचं नाही. माझं बोलणं होईपर्यंत कुणी उठायचं नाही इथून — बसा म्हणतोय ना मी. ए! बस! बस खाली! हात मागे. मागे घे म्हटलं ना, भडव्या, हात मागे —

सोडला. हा बघा, सोडला. मी नाही... हात आपोआप गेला हो. कट्ट झालं ना आत? मी ऐकलं. निखळलाय तो. मला ओळखू येतो तो आवाज, मला विचारा. अहो, ओरडा ना. पलीकडे लाँड्रीत माणसं आहेत, पळत येतील, धरतील मला, ओरडा! एवढं झाल्यावर माणूस ओरडतोच. सगळे ओरडायचे. बावीस वर्षांत एकच असा निघाला, दात आवळून नुसता बघत राहायचा माझ्या तोंडाकडे. साहेब चिडायचे, म्हणायचे, आणखी वर घे त्याला. आणि मी घ्यायचो. तो ओरडत नाही म्हणून घ्यायचो...

कोपराखाली दुसरा हात धरा. असा. आता जा. दार उघडंच आहे. जा म्हटलं ना — आणि बघू नका हो असं माझ्याकडे.