साहेब, तुम्ही मूळचे कुठले?

...नाही, पण मी म्हणतो, विचारलं तर बिघडलं कुठे? एक साधा प्रश्न! चार महिने झाले हो घरात अबोला आहे. म्हणजे बायको बोलते, पण मुलीमार्फत. 'बाबांना सांग, चहा ठेवलाय. आणि म्हणावं, त्याला काही न विचारता प्या.' आता तुम्हीच सांगा, विचारायला काय जातं?

तुम्हाला सांगतो, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अकरा वर्षं झाली या देशात. लिफ्ट बंद पडली की मी आधी विचारतो, कधी पडली, कुठल्या मजल्यावर, आवाज आला होता का, आत कोण होतं... न विचारता पाना लावला तर लिफ्ट वर आणि मी खाली! तेव्हा सवयच ती. तर बायको दोन वर्षांपूर्वी इथली नागरिक झाली, मुलगी जन्मानेच इथली. राहिलं कोण? मी! विमानतळावर उतरलं की त्या दोघी इथल्यांच्या रांगेतून पाच मिनिटांत पलीकडे, आणि मी परक्यांच्या रांगेत दोन तास, तिघांच्या पिशव्या सांभाळत. मागच्या खेपेला पोरगी काचेपलीकडून मला हात करत होती, तर कुणी बाई तिला विचारते, 'कुणाला सोडायला आलीस गं?' हसू नका! फार लागलं ते मला. तिथेच ठरवलं, आता तिघं एका रांगेत.

मग काय, अर्ज! अठरा पानी! रकाना सात काय, तर 'देशाबाहेर किती दिवस होतात आणि का?' का म्हणजे? मेहुणीचं लग्न होतं! ते तिने का केलं हे मी कसं सांगू, तिला विचारा! बरं, मुलाखतीसाठी बायकोने शंभर प्रश्नोत्तरं घोकून घेतली. मी भांडी घासतोय, ही मागे कागद घेऊन उभी, चुकलो की एक पातेलं परत घासायला. आणि वर ताकीद, 'अहो, विचारतील तेवढंच सांगायचं. आपण होऊन काही विचारायचं नाही. घ्या शपथ.' घेतली की! पान्यावर हात ठेवून घेतली!

चौथा मजला, एवढीशी खोली, टेबल, मागे लोखंडी कपाट आणि मध्ये साहेब. पन्नाशीचे, जाड चष्मा, खिशाला शाईचा डाग. दहा प्रश्न विचारले, दहाही बरोबर! साहेब खूश. सही करायला पेन उचललं हो! पेन आणि कागद यांच्यात वीतभर अंतर राहिलं, आणि तो भला माणूस म्हणतो, 'तुम्हाला काही विचारायचंय?'

आता मला सांगा, चूक कुणाची? आपल्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न कुठला? गेलं तोंडून... 'साहेब, तुम्ही मूळचे कुठले?'

'इथलाच.'

'इथले हो, पण मूळचे?'

'वडीलही इथलेच.'

'आणि आजोबा?'

पेन खाली! 'आजोबा... बोटीने आले. लांबून.'

'लांबून म्हणजे कुठून? का आले? रकाना सातमध्ये काय लिहिलं त्यांनी?'

साहेब चष्मा पुसायला लागले. 'आजोबा दाढी करताना एक गाणं गुणगुणायचे. कुठल्या भाषेतलं, ते मी कधी विचारलंच नाही.'

मी म्हटलं, 'अहो, का नाही विचारलं? विचारायला काय जातं?'

 बाहेर लिफ्ट कुरकुरत होती, तेल हवं होतं तिला. खरं सांगतो, उद्या माझी नात कुणाला तरी असंच सांगेल, 'आजोबा लांबून आले होते.' बस, संपलो मी एका शब्दात! साहेब उठले, फाईल कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, माझा हात हातात घेतला. म्हणाले, 'फार मोलाचं विचारलंत.' मला वाटलं, झालं काम! बायकोला म्हटलं, काहीतरी गोड कर!

तीन आठवड्यांनी पत्र... 'संबंधित अधिकारी दीर्घ रजेवर असल्याने'... धावलो! साहेबांच्या खुर्चीत एक बाई.

'ते आजोबांचं गाव शोधायला गेलेत.'

'आणि माझी फाईल?'

'कपाटात.'

'मग उघडा की कपाट!'

'किल्ली त्यांच्याकडे.'

'दुसरी किल्ली?'

'आहे ना. कपाटात.'

'मग तोडा कुलूप!'

'त्याला अर्ज लागतो.'

'द्या, करतो अर्ज!'

बाई गोड हसल्या. 'तो ज्याची फाईल त्यालाच करता येतो. आणि तो नागरिक हवा.'

तर असं! आणि काल पाकीट आलं, साहेबांचं. गाव सापडलं म्हणे! चुलत भाऊ सापडले, आजोबांचं गाणं सापडलं, सगळे मिळून गातात. 'आता इथलाच होऊन राहावं म्हणतो. नागरिकत्वाचा अर्ज आणलाय. एका रकान्यावर अडलोय. इतकी वर्षं देशाबाहेर का होतात? काय लिहू? तुम्ही अनुभवी.'

बायकोने पत्र वाचलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली, तेही एवढंच. 'बघताय काय! लिहा उत्तर!'

लिहिलं. म्हटलं, साहेब, खरं तेच लिहा... 'परत ये म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.' पत्र बंद केलं. पुढच्या महिन्यात मेहुणीचं बाळ बघायला जायचंय. येताना त्या दोघी त्यांच्या रांगेत, मी माझ्या. पोरीने आत्तापासूनच तिची पिशवी माझ्याकडे दिलीय. म्हणून पाकीट परत फोडलं आणि खाली एक ओळ घातली... 'ता. क. साहेब, सवडीने किल्ली पाठवाल का?'

नाही पाठवणार, माहितीय मला. पण विचारायला काय जातं?