पाठ टेकली न्हाई

हॅलो?… हॅलो, वेल्फेअर ऑफिस. फारूक बोलतोय… कोण?… जरा मोठ्यानं बोला, इथं कँटीनचा कर्णा चालू आहे…

शालनबाई! पॅकिंगच्या शालनबाई ना? अहो, चार दिवस कुठं होतात तुम्ही?…

नाही, नाही, बोला ना. जेवणाची सुट्टी आत्ताच झालीय. रेकॉर्ड लावलंय, ते संपलं की कारखान्यातले फोन घेत आपल्या खेळाच्या गप्पा सुरू. दोन-तीन मिनिटं आहेत…

काल? काल काय, नेहमीचंच. पहिला फोन स्टोअरमधून, यशवंतरावांचा. मी हॉकीचे गोल सांगतोय न सांगतोय तोच, "फारूक, दुरुस्ती!" अहो, परवा मी पेपर समोर धरून आकडा वाचला, तरी दुरुस्ती आलीच!… मग बाटल्यांच्या खात्यातून मालोजी. "आपण जिंकलो तर उद्या सुट्टी का?"… हो, बुद्धिबळाचा विषय होता तरी!… आणि शेवटी बॉयलरवरचे चिमाजी. त्यांचं तेच, जुन्या कुस्तीचं. "कुरुळीच्या उरुसात माझी पाठ टेकली न्हाई." मी कर्ण्यावर सांगायच्या आतच अख्खं कँटीन एका सुरात म्हणालं. मी टेबलावर ढोल वाजवला. आता तर कॉलनीतली पोरं पडली की चड्डी झटकत तेच म्हणतात, पाठ टेकली न्हाई…

हॅलो?… शालनबाई?… काय झालं? 

चिंचवडला? नूरमोहम्मदचाचांच्या दुकानातून बोलताय?… कुणाची लॉरी?… बरं, बरं. भाजीची. पंक्चर झालीय, चाचा काढून देतायत… आणि निघालात कुठं?

या अल्ला… कधीपासून?… वडलांच्या पोटात गाठ. आणि ऑपरेशन उद्याच?… अहो, मग चार दिवसांत एक निरोप नाही धाडायचा? तुमच्या आबांना मी कधी पाहिलं नाही, पण तुमच्या तोंडून इतकं ऐकलंय की… हो, ठाऊक आहे. रोज घरी गेलात की कर्ण्यावरच्या सगळ्या गप्पा त्यांना सांगता…

सगळ्या म्हणजे… चिमाजींचीसुद्धा?

हं… हं… अहो, तुम्ही हसत सांगितलंत, त्यात तुमचं काय चुकलं? आम्ही सगळेच हसतो… आणि आबा उठून गोठ्यात जायचे?… प्रत्येक वेळी?

थांबा. जरा थांबा, शालनबाई. कुरुळीच्या फडात चिमाजींच्या समोर कोण होतं?…

आबा?… तुमचे आबाजी?

आणि हे तुम्हाला कधी कळलं?… काल रात्री. हं… रडू नका. ऐका, रडू नका…

कुणाला बोलायचंय? मला?… द्या ना. द्या फोन त्यांच्याकडं…

सलाम, आबा. मी फारूक… हो, तोच, कर्ण्यावरचा… बरं वाटतंय का?… नका, नका, उभे राहू नका. चाचांना म्हणावं, खुर्ची द्या… बसलात?… हं, सांगा.

हं… हो…

आबा, हे मला सांगितलंत, बास झालं. मी चिमाजींना बाजूला घेऊन सांगतो… नाही? कर्ण्यावर?… सगळ्यांसमोर?

आबा, माझं ऐका. इथं सातशे माणूस जेवतंय. शालनबाईंना पुन्हा याच दारातून कामावर यायचंय. कुणी काही बोललं तर त्यांना सोसावं लागेल… हो… हो, हसणारेही हेच सातशे होते, खरंय… त्यात मीही होतो. सगळ्यांत आधी मीच… एकदा शालनबाईंकडं द्या.

शालनबाई, तुमचं काय म्हणणं?… नीट विचार करा. बोललेलं परत घेता येत नाही… बरं. तुम्ही हो म्हणताय ना?… मग ठीक. द्या त्यांना.

आबा, असं करतो. रेकॉर्ड बंद करतो. फोनमधला आवाज बारीक आहे, मायक्रोफोनला पोहोचायचा नाही. तुम्ही एकेक वाक्य बोला, मी जसंच्या तसं पुढं सांगतो. माझं काही घालणार नाही… थांबा, बटण दाबतो.

मंडळी… मंडळी, जरा ऐका. आज यशवंतरावांचा फोन नाही, मालोजींचाही नाही. ताथवड्याचे आबाजी पैलवान फोनवर आहेत. आजारी आहेत. कृपा करून ताटांचा आवाज करू नका.

बोला, आबा.

आबाजी म्हणतात, सन एकोणतीसला कुरुळीच्या उरुसात शेवटची कुस्ती माझी आणि चिमाजीची लागली… हं… म्हणतात, पाऊण तास झाला, कुणी कुणाला हलेना. मग मी ढाक डाव मारला, चिमाजी खाली आला…

काय?… परत सांगा, आबा. सावकाश…

म्हणतात, पंच पलीकडच्या अंगाला बसलेले. मधे माझं धूड. त्यांना काही दिसलं न्हाई… हं… म्हणतात, चिमाजीच्या उजव्या खांद्याखाली माझा हात व्हता. हा… हा पंजा… त्याचा खांदा मातीवर न्हाई, माझ्या पंजावर व्हता. मला त्याचं हाड लागत व्हतं…

पाणी घ्या, आबा. घाई नाही…

म्हणतात, पंचांनी चितपट दिली, हलगी वाजली, लोक फडात घुसले. मला उचललं, फेटा बांधला, चांदीचं कडं घातलं. चिमाजी पंचांच्या पाया पडून सांगत व्हता, पाठ टेकली न्हाई. आणि मी… आणि मी वरून बघत व्हतो.

हं… म्हणतात, कडं आता न्हाई. शालनच्या लग्नात मोडलं. ते देता येत न्हाई, म्हणून हे देतो. चिमाजी खरं बोलतोय. अठ्ठावीस वर्सं खरंच बोलतोय… त्यानं पुन्हा लंगोट बांधला न्हाई, हे मला ठाऊक व्हतं. पोरीनं त्याचं नाव घरात घेतलं, तेव्हापासून घास उतरत न्हाई…

झालं?… बरं. बंद करतो, आबा.

…

नाही, आबा. कुणी हसलं नाही. खिडकीतून दिसतंय मला. सगळे बसून आहेत. मालोजींच्या हातात भाकरी तशीच आहे… यशवंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवलीय… खरंच सांगतो, एक माणूस हसलं नाही.

चिमाजी? ते तिकडं बॉयलरवर असतात. पण तिथंही एक कर्णा आहे, ऐकलं असणार… आबा, त्यांना मीच रोज हसवून… म्हणजे त्यांच्यावर हसवून… टेबल वाजवायचो मी. त्यांना वाटत असेल, निदान कर्ण्यावर कुणी ऐकून तर घेतंय. आणि आम्ही…

थांबा. थांबा, आबा, दारात आलेत. चिमाजी आलेत. पळत आलेत, धाप लागलीय…

या, चिमाजीभाऊ. आत या… राहू दे हो, कोळसा लागला तर लागला. हे घ्या. आबाजी आहेत फोनवर… घ्या ना. बोला…

नाही घेत, आबा. नुसते उभे आहेत. फोनकडं बघतायत… कोळशानं तोंड काळं झालंय, त्यावरून पाणी वाहतंय… पुसतही नाहीत.

काय, चिमाजीभाऊ?… हो. चिंचवडला, नूरमोहम्मदचाचांचं दुकान, स्टेशनजवळ… पुण्याला नेतायत, मोठ्या दवाखान्यात. उद्या ऑपरेशन… ते विचारतो मी…

आबा, ते विचारतायत, रात्री तुमच्याजवळ कोण निजणार?… कुणीच नाही?… भाऊ नाही, पोरगा नाही. आणि पुरुषांच्या वॉर्डात शालनबाईंना रात्री थांबू देणार नाहीत… हो ना…

अहो चिमाजीभाऊ! अहो, बॉयलर?… बरं, सांगतो मी साहेबांना. तुम्ही… सायकल माझी घ्या! शेडमधली हिरवी! कुलूप लावलेलं नाही!

हॅलो, आबा?… गेले ते. हो, गेले… नाही, रागानं नव्हे. आबा, ते तुमच्याकडंच निघालेत… आबा?… हॅलो?

हॅलो, शालनबाई?… बोलवत नाही त्यांना? मग नका बोलायला लावू. चाचांना म्हणावं, पाठीवरून हात फिरवा… तुम्ही ऐका. पंक्चर निघालं का?… निघालं तरी लॉरीवाल्याला सोडू नका, चहा पाजा, काहीही करा. वीस मिनिटांत पोहोचतील ते… आणि पुढं ड्रायव्हरजवळ दोघांचीच जागा असेल ना?… हो, तेच म्हणतो. तिथं त्या दोघांना शेजारी बसवा. तुम्ही मागं, भाजीच्या पाट्यांवर बसा…

हो… या बरं करून त्यांना. ठेवतो.