ड्रायव्हरच्या नावाचं रक्त

टोचलेल्या जागी कापूस दाबून शिवणवाल्या बाई लॅबच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक ड्रायव्हर आणि त्याची बायको. त्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट पडला होता. बाईंनी मान दुसरीकडे वळवली, पण कान काही वळेनात.

“अहो, लिव्हर खराब आहे म्हणे. उशीर न करता मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं लिहिलंय.”

“मशीन चुकलं असेल.”

“रक्तावर उजेड टाकून बघतात ते. उजेडाला काय तुमच्याशी वैर आहे? किती हातापाया पडले, बाटली सोडा म्हणून!”

“हळू बोल.”

“का हळू? पोरीला काय सांगू मी घरी जाऊन?”

“अगं, ऐक तरी. ते रक्त माझं नाहीये.”

“म्हणजे?”

“कंपनीला रिपोर्ट द्यायचा होता. खराब निघाला असता तर गाडी गेली असती हातातून. म्हणून परवा माझ्या नावावर धाकट्याला बसवलं.”

“भाऊजींना? अहो, ते तर दारूच्या वासालाही उभे राहत नाहीत!”

“म्हणून तर त्याला बसवलं ना.”

बायकोने रिपोर्ट पुन्हा उघडून वरचं नाव वाचलं. बाईंचा कापूस कधी खाली पडला, ते त्यांनाही कळलं नाही.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. तो नुसता बघत राहिला, तेव्हा बायकोनेच उचलला. पलीकडचा आवाज सगळ्या बाकाला ऐकू गेला.

“दादा, आला का रिपोर्ट? झालो ना आपण पास?”