‘नाही’वर खूण

(परिवहन कार्यालयासमोरच्या फुटपाथवर, एजंट गोपाळकृष्ण यांच्या टेबलाशी.)

गोपाळकृष्ण : नाव झालं, धायरीचा पत्ता झाला. वय सव्वीस. आता तब्येतीचे प्रश्न. मी वाचतो, तुम्ही ‘नाही’ म्हणा. फिट येते का, किंवा अचानक शुद्ध हरपते का?

श्याम : नाही.

हेमा : थांबा काका, खूण करू नका.

गोपाळकृष्ण : आपण कोण?

हेमा : थोरली बहीण.

गोपाळकृष्ण : शिकाऊ परवाना बहिणीला काढायचाय का? नाही ना? मग यांना बोलू द्या.

श्याम : ताई, रेशनकार्ड दे आणि तिकडे सावलीत बस ना. काका, फिट यायच्या लहानपणापासून. आता बंद झाल्यात. दसऱ्याला दोन वर्षं झाली. डॉक्टरच म्हणाले होते, दोन वर्षं नीट गेली तर गाडीचं बघू.

गोपाळकृष्ण : मग प्रश्न मिटला. फॉर्मवर ‘येते का’ असं विचारलंय, ‘यायची का’ असं नाही. तसाही माझ्या टेबलाशी येणारा प्रत्येक माणूस ठणठणीतच असतो.

हेमा : श्याम, आज राहू दे.

श्याम : सोमवारी परवाना दाखवायचाय तिथं. मीटर रीडिंगचं काम आहे, मोटरसायकल चालवता आलीच पाहिजे. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ‘या’ म्हणालंय मला. दोस्ताच्या, हमीदच्या गाडीवर पंधरा दिवस शिकलोय.

हेमा : गाडी चालवलीस तू?

श्याम : मैदानात. हमीद मागे बसायचा. आता ओरडू नकोस. दोन वर्षांत एक गोळी चुकवली नाही मी. जागरण नाही, काही नाही. अजून काय करायचं राहिलंय?

हेमा : काहीच नाही. तुझं काही चुकलं नाही रे.

गोपाळकृष्ण : मागे माणसं उभी आहेत. घरचं घरी बोलता येतं.

हेमा : गेल्या महिन्यात तुझी जीभ सोलवटली होती.

श्याम : झोपेत दाताखाली आली होती. तूच तर सांगितलंस.

हेमा : हो. मीच सांगितलं.

श्याम : ताई?

हेमा : पहाटे फिट आली होती. त्याआधी गणपतीतही एकदा. उठलास तेव्हा अंग दुखतंय म्हणालास, मी म्हटलं गादी खराब झालीय.

श्याम : आणि गादी पिंजून आणलीस!

हेमा : आणली.

श्याम : डॉक्टरांना माहितीये?

हेमा : दुसऱ्याच दिवशी सांगितलं. गोळी बदलली ती त्यामुळेच. ते म्हणाले, त्याला सांगा. मी हो म्हणून आले.

श्याम : मग मला का नाही सांगितलंस?

हेमा : रोज सकाळी कॅलेंडरवर रेघ मारायचास. दात घासायच्याही आधी. माझ्या तोंडून निघेचना. आज सांगू, उद्या सांगू. तू गाडीपर्यंत पोचशील असं वाटलं नव्हतं.

श्याम : हमीद मागे बसला होता, ताई. त्याला दोन मुलं आहेत.

हेमा : चुकले मी.

गोपाळकृष्ण : हे बघा, मी ऐकलंच नसतं तर लिहून मोकळा झालो असतो. आता ऐकलंय. माझी नात याच रस्त्यानं सायकलवर शाळेत जाते.

श्याम : ‘हो’ लिहिलं तर?

गोपाळकृष्ण : तर आत जाऊन उपयोग नाही. आपला वेळ जाईल, त्यांचा काही जायचा नाही.

श्याम : मग द्या तो फॉर्म इकडे.

हेमा : फाडू नकोस.

श्याम : फाडत नाहीये. घडी घालतोय.

गोपाळकृष्ण : थांबा, फोटो सोडवून देतो. चांगला आलाय, दुसऱ्या अर्जाला लागेल.

श्याम : सोमवारी मीच जाऊन सांगतो त्या मीटरवाल्यांना. कसब्यातल्या गल्ल्या द्या म्हणावं, तिथं नाहीतरी पायीच फिरावं लागतं.

हेमा : मी येऊ बरोबर?

श्याम : नको. पण आता एकही लपवायची नाहीस.

हेमा : नाही लपवणार.

श्याम : किती वेळ चालतं ते?

हेमा : तीन-चार मिनिटं.

श्याम : तेवढ्या वेळात तू काय करतेस?

हेमा : तुला कुशीवर वळवते. मग बोलत बसते तुझ्याशी.

श्याम : मला तर ऐकू येत नाही.

हेमा : माहितीये.